बदलापूर भिवंडीत कसे गेले?

कल्याणहून कर्जतच्या दिशेने निघालेली लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ घेत बदलापूरला पोहोचते. अंतर जेमतेम चौदा किलोमीटरचे. एक शहर कुठे संपले आणि दुसरे कुठे लागले हे फलाटावरच्या पाट्यांवरूनच कळावे, इतक्या या वस्त्या आता एकमेकींत मिसळल्या आहेत. लोकसभेच्या नकाशात मात्र अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मधोमध एक रेघ आहे. उल्हासनगर आणि अंबरनाथ कल्याण मतदारसंघात, तर बदलापूर मुरबाड विधानसभा क्षेत्राचा भाग म्हणून भिवंडी मतदारसंघात. बदलापूरकराला आपल्या लोकसभा मतदारसंघाला ज्याचे नाव आहे त्या गावी जायचे, तर आधी गाडीने दुसऱ्याच मतदारसंघातून कल्याण गाठावे लागते आणि मग दुर्गाडीचा पूल ओलांडून रस्त्याने भिवंडी. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांचा निवडणूक इतिहास सांगताना आपण सहसा पक्ष, नेते आणि लाटा यांच्या गोष्टी सांगतो. त्या खोट्या नाहीत. पण माझे म्हणणे असे की, या शहरांच्या वाट्याला दिल्लीत काय आले, हे मतदाराच्या बोटाइतकेच सीमा आखणाऱ्याच्या पेन्सिलीनेही ठरवले आहे. ही पेन्सिल दर वेळी जुन्या जनगणनेवर चालली, आणि ही शहरे तोवर पुढे निघून गेलेली होती.

सुरुवात १९५७ पासून करू. तेव्हा ठाणे द्विसदस्य मतदारसंघ होता, म्हणजे एकाच मतदारसंघातून दोन खासदार, त्यातली एक जागा राखीव. संयुक्त महाराष्ट्र चळवळीच्या काळातल्या त्या निवडणुकीत शामराव परुळेकर आणि लक्ष्मण महादू मातेरा हे दोघे कम्युनिस्ट इथून लोकसभेत गेले. परुळेकर दांपत्याने वारली आदिवासींमध्ये उभारलेल्या लढ्याचा तो राजकीय पडसाद होता. म्हणजे ठाण्याच्या राजकारणाचा गुरुत्वमध्य डहाणू-तलासरीच्या डोंगरांत होता. उल्हासनगर त्या वेळी आठ वर्षांचे होते. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे उल्हासनगर झाले. कॅम्प एक ते पाच आणि त्यांतल्या बराकी हीच तेव्हाची ओळख होती. अंबरनाथला आगपेट्यांचा कारखाना आणि नव्याने उभा राहिलेला आयुध निर्माण कारखाना होता. बदलापूर हे उल्हास नदीकाठचे गाव होते, आणि स्थानकापलीकडचे कुळगाव त्याहून लहान.

१९७७ पासून मात्र गुरुत्वमध्य रेल्वेच्या कडेला आला. ठाणे मतदारसंघातून जनता पक्षाचे रामभाऊ म्हाळगी निवडून गेले, १९८० मध्ये पुन्हा गेले. आपण वर्षभरात काय केले याचा लेखी हिशेब मतदारांपुढे ठेवण्याची त्यांची रीत आजही आठवली जाते. मला ती प्रतिनिधित्वाची सर्वांत प्रामाणिक व्याख्या वाटते. त्यांच्या निधनानंतर १९८२ च्या पोटनिवडणुकीत भाजपचे जगन्नाथ पाटील आले, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत १९८४ मध्ये काँग्रेसचे शांताराम घोलप, मग १९८९ आणि १९९१ मध्ये कल्याणचे प्राध्यापक राम कापसे. १९९६ मध्ये शिवसेना-भाजप युतीच्या वाटपात भाजपची ही जागा शिवसेनेकडे गेली. शिवसेनेचे ठाण्यातले नेते आनंद दिघे यांच्या आग्रहाची ती परिणती होती. प्रकाश परांजपे मग १९९६, १९९८, १९९९ आणि २००४ असे सलग चार वेळा निवडून आले. ठाणे, डोंबिवली, कल्याण अशी खासदारांची गावे बदलत राहिली, त्यांत उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूर मात्र आले नाही.

यावर कुणी म्हणेल, या शहरांत नेतृत्वच नव्हते. विधानसभेकडे पाहिले की हा आक्षेप टिकत नाही. उल्हासनगरने आधी भाजपचे शीतलदास हरचंदानी, १९९० पासून पप्पू कलानी, पुढे कुमार आयलानी आणि ज्योती कलानी असे सातत्याने आपल्याच वस्तीतले आमदार पाठवले. पप्पू कलानी काँग्रेसचे, मग अपक्ष, मग रिपब्लिकन अशा वेगवेगळ्या झेंड्यांखाली निवडून आले. म्हणजे हे शहर पक्षापेक्षा आपला माणूस पाहते, आणि आपला माणूस निवडून आणण्याची ताकद त्याच्यात आहे. अंबरनाथने शिवसेनेच्या साबीर शेख यांना १९९०, १९९५ आणि १९९९ मध्ये विधानसभेत धाडले आणि युती सरकारात ते कामगारमंत्री झाले. विधानसभेला इतकी ठसठशीत असणारी ही शहरे लोकसभेला मात्र बेरजेतला एक आकडा होऊन जातात. फरक मतदारांत नाही. ते उभे आहेत त्या रिंगणाच्या आकारात आहे.

आणि तो आकार अवाढव्य होता. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मतदारसंघांची फेररचना थांबवली. त्यामुळे १९७१ च्या जनगणनेवर बेतलेला ठाणे मतदारसंघ २००४ पर्यंत तसाच चालला. मधल्या काळात नवी मुंबई वसली, डोंबिवली फुगली, मुंबईत घर न परवडणारा गिरणगावातला नि परळ-दादरचा माणूस अंबरनाथ-बदलापूरला आला. ठाणे मतदारसंघ देशातल्या सर्वांत जास्त मतदारांच्या मतदारसंघांपैकी एक झाला. ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर एवढ्यांचा खासदार एकच. इथल्या मताचे वजन दक्षिण मुंबईतल्या मताच्या कितीतरी खाली आले होते.

ही कोंडी फोडायला न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांचा परिसीमन आयोग आला. त्याने २००१ ची लोकसंख्या धरली आणि २००८ मध्ये नवा नकाशा लागू झाला. कल्याण हा नवा मतदारसंघ जन्मला, भिवंडी पुन्हा अवतरला. बदलापूर भिवंडीत गेले ते कुणा पुढाऱ्याच्या कारस्थानाने, असे आजही बोलले जाते. मला त्यापेक्षा साधे कारण दिसते, आणि ते कागद-पेन घेऊन कुणालाही पडताळता येईल. २००१ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाख. आमदार २८८, म्हणजे एका विधानसभा क्षेत्राला सरासरी ३ लाख ३६ हजार माणसे. उल्हासनगर तेव्हा पावणेपाच लाखांच्या आसपास, अंबरनाथ दोन लाखांच्या थोडे वर, बदलापूर लाखाच्या किंचित आत. उल्हासनगरचा एक पूर्ण मतदारसंघ कापला की शहराचे सुमारे एक लाख चाळीस हजार लोक उरतात. त्यांत अंबरनाथ मिळवा, दुसरा मतदारसंघ जवळजवळ नेमका भरतो. मग बदलापूर उरते, एक तृतीयांशाहूनही कमी. प्रत्यक्ष आखणीत काही प्रभाग, काही गावे इकडेतिकडे झाली आणि उल्हासनगरचा एक तुकडा कल्याण पूर्वेतही गेला. पण हिशेबाचा सांगाडा हाच. बदलापूर ही भागाकारातली बाकी होती. ती मुरबाडमध्ये मिळवली गेली, आणि मुरबाड भिवंडीत असल्याने बदलापूर भिवंडीत.

या बाकीने पुढचे राजकारण कसे वळवले ते पाहण्यासारखे आहे. किसन कथोरे २००४ मध्ये राष्ट्रवादीकडून अंबरनाथचे आमदार होते. नव्या रचनेत अंबरनाथ अनुसूचित जातींसाठी राखीव झाले. कथोरे २००९ मध्ये मुरबाडमधून निवडून आले आणि २०१४ पासून भाजपकडून तीन वेळा तिथूनच. अंबरनाथमध्ये शिवसेनेचे बालाजी किणीकर २००९ पासून आजतागायत आहेत. म्हणजे २००८ पूर्वी एकाच आमदाराच्या दारात जाणारे अंबरनाथ आणि बदलापूर आज वेगळे आमदार, वेगळे खासदार आणि वेगळ्या पक्षांची पकड असलेल्या दोन राजकीय भूमी झाल्या. जोडीला दोन्हीकडे आपापली नगरपालिका.

लोकसभेचे चित्रही तसेच. कल्याणमध्ये २००९ ला प्रकाश परांजपे यांचे पुत्र आनंद परांजपे यांनी शिवसेनेकडून राष्ट्रवादीच्या वसंत डावखरे यांना चोवीस हजारांच्या आसपास मतांनी हरवले, आणि मनसेच्या वैशाली दरेकर यांनी लाखावर मते घेतली. २०१४ मध्ये परांजपे राष्ट्रवादीकडून उभे राहिले आणि शिवसेनेच्या श्रीकांत शिंदे यांच्याकडून अडीच लाखांनी पडले. २०१९ मध्ये शिंदे ३ लाख ४४ हजारांनी जिंकले. २०२४ मध्ये शिवसेनेचेच दोन भाग समोरासमोर आले. उद्धव ठाकरे गटाच्या उमेदवार त्याच वैशाली दरेकर होत्या, आणि शिंदे २ लाख ९ हजारांनी निवडून आले. भिवंडीत हाच काळ पूर्ण निराळा गेला: २००९ ला काँग्रेसचे सुरेश टावरे, २०१४ आणि २०१९ ला भाजपचे कपिल पाटील, आणि २०२४ ला शरद पवार गटाचे सुरेश म्हात्रे, ज्यांना सगळे बाळ्या मामा म्हणतात. त्यांनी केंद्रात राज्यमंत्री असलेल्या पाटलांना ६६,१२१ मतांनी हरवले, तर अपक्ष नीलेश सांबरे दोन लाखांवर मते घेऊन गेले. बदलापूरची प्रवासी कोंडी, भिवंडीच्या यंत्रमागांचे दुखणे आणि शहापूरची पाणीटंचाई हे तीन वेगळे प्रश्न एका मतपत्रिकेवर आले. त्यांतला कुठला निर्णायक ठरेल यावर बदलापूरचा ताबा राहत नाही.

पहिला गंभीर आक्षेप असा की, निकाल लाटांनी आणि युत्यांनी ठरले, सीमांनी नव्हे. १९७७, १९८४, २०१४ या लाटाच होत्या, आणि १९९६ चा बदल तर वाटाघाटीच्या टेबलावर झाला. यात तथ्य आहे. १९८४ चा घोलपांचा विजय कुठल्याही सीमारेषेने समजावता येणार नाही. पण युतीचे वाटपसुद्धा रिंगणे किती आणि कशी, यावरच होते. ठाणे एकसंध होते तोवर एका पक्षाला मिळाले की दुसऱ्याला काही उरत नसे. २००८ नंतर ठाणे आणि कल्याण शिवसेनेकडे, भिवंडी भाजपकडे, अशी विभागणी शक्य झाली, आणि त्याच विभागणीने कोणत्या गावात कोणाची संघटना वाढणार हे ठरवले. लाट एका निवडणुकीपुरती येते, सीमा पंधरा-वीस वर्षे राहते.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी. नळाला पाणी, कचरा, गटारे ही नगरपालिकेची कामे. खासदार कुठला का असेना, फरक काय? इतर ठिकाणी हे चालेल, इथे नाही. या पट्ट्याचे जगणे केंद्राच्या अखत्यारीतल्या गोष्टींवर टांगलेले आहे. लोकल ही त्यातली पहिली. कल्याण ते बदलापूर तिसरी आणि चौथी मार्गिका हा मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या (एमयूटीपी) ३ए टप्प्यातला प्रकल्प दोन खासदारांच्या हद्दीतून जातो. त्याचा सर्वाधिक लाभ ज्याला होणार तो बदलापूरकर, मार्गाचा बराचसा भाग मात्र कल्याण मतदारसंघात. अंबरनाथचा आयुध निर्माण कारखाना १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातल्या इतर कारखान्यांबरोबर सरकारी खात्यातून कंपनीत गेला. तिथल्या कामगारांचे गाऱ्हाणे संसदेखेरीज कुठे मांडायचे? अंबरनाथचेच १०६० चे शिलाहारकालीन शिवमंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे, आणि त्याच्या जवळून वाहणारी वालधुनी नदी पुढे उल्हासनगरातून काळी होऊन कल्याणच्या खाडीला मिळते. उल्हासनगरमधल्या निर्वासितांच्या जमिनींचे मूळ १९५४ च्या केंद्रीय पुनर्वसन कायद्यात आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. तिन्ही शहरे एका मतदारसंघात आणायची म्हणून बदलापूर काढले तर मुरबाडचे काय? डोंगराळ, आदिवासी पाड्यांच्या तालुक्याला निमशहरी जोड नको का? शिवाय या शहरांना एकत्र बांधण्याचा प्रयोग एकदा फसलाच आहे. १९८३ मध्ये कल्याण महापालिका झाली तेव्हा अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर तीत घातले गेले, आणि १९९२ मध्ये बाहेर काढावे लागले. पण महापालिका कर गोळा करते आणि पाणी वाटते. मोठ्या शहराच्या सावलीत आपला वाटा जाईल ही भीती तिथे रास्त होती. मतदारसंघ काही वाटत नाही, तो आवाज एकत्र करतो. आणि मुरबाडचा विचार केला तर उलट अडचण दिसते. २०११ मध्ये बदलापूर १,७४,२२६ वर पोहोचले. दहा वर्षांत पाऊण पटीहून अधिक वाढ. राज्याच्या सरासरी विधानसभा क्षेत्राच्या जवळजवळ निम्मे एकटे बदलापूर. ज्या ग्रामीण तालुक्याला जोड म्हणून शहर दिले, तेच शहर आता त्या तालुक्याचा निकाल फिरवू शकते. मुरबाडच्या पाड्यावरच्या माणसालाही हे सोयीचे नाही.

संविधानानुसार पुढची फेररचना २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेवर होते, आणि त्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरला आहे. आयोग आकडे हाती घेईल तेव्हा बदलापूर बाकी राहिलेले नसेल. बहुधा ते स्वतःच्या एका विधानसभा क्षेत्राच्या आसपास पोहोचलेले असेल. तरीही लोकसभेला तिन्ही शहरे आपोआप एकत्र येणार नाहीत, कारण लोकसभा मतदारसंघ सहा विधानसभा क्षेत्रांचा बनतो आणि ती सहा कोणती, हे आयोग ठरवतो. मागच्या वेळी राज्यातून पाच खासदार आणि पाच आमदार आयोगाचे सहयोगी सदस्य होते. त्यांना बोलण्याचा अधिकार होता, मताचा नव्हता. मसुदा प्रसिद्ध होतो, लोकांच्या हरकती येतात, जाहीर सुनावणी होते. अंतिम आदेश निघाला की न्यायालयात त्याला सहसा आव्हान देता येत नाही. म्हणून बोलायचे ते मसुदा आणि सुनावणी यांच्या मधल्या थोड्या आठवड्यांत. त्या वेळी अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगरच्या नागरिक संघटनांनी, प्रवासी संघांनी आणि तिन्ही पालिकांनी मिळून एकच हरकत दाखल करावी: उल्हासनगर शहर कमीत कमी विधानसभा क्षेत्रांत ठेवावे, अंबरनाथ आणि बदलापूरची क्षेत्रे त्याला लागून असावीत, आणि तिन्ही एकाच लोकसभा मतदारसंघात यावीत. सोबत प्रभागनिहाय लोकसंख्या, रेल्वे प्रवाशांचे स्थानकनिहाय आकडे आणि वालधुनी-उल्हासच्या पाणलोटाचा नकाशा जोडावा. हा कागद तयार करायला लागणारी बरीचशी माहिती पालिकांच्या आणि रेल्वेच्या दप्तरांत आजही पडून आहे.