आकाशात रेडिओ मुका झाला तर

लहान खासगी विमानाचा रेडिओ उड्डाण चालू असताना बंद पडला, तरी विमानाच्या उडण्यात त्यामुळे कसलाही उणेपणा येत नाही. कारण पिस्टन इंजिनाला ठिणगी पुरवणारा मॅग्नेटो इंजिनाच्याच फिरण्यातून आपली वीज तयार करतो आणि बॅटरी पुरती उतरली तरी तो काम करीत राहतो. खरा धोका असतो तो वैमानिकाचे लक्ष विमानावरून उडून बिघडलेल्या यंत्रात गुंतण्याचा. म्हणूनच उड्डाणाच्या शिक्षणात एक क्रम पहिल्या दिवसापासून बिंबवला जातो: आधी विमान सांभाळायचे, मग आपण कोठे आहोत आणि कोठे जायचे आहे हे निश्चित करायचे, आणि बोलणे त्यानंतर.

मुंबईच्या हवाई इतिहासाचा आरंभ रेडिओविनाच झाला. जुहूचा विमानतळ १९२८ सालचा. बॉम्बे फ्लाइंग क्लबही तेथलाच, आणि त्या क्लबात शिकलेल्या जे. आर. डी. टाटा यांना फेब्रुवारी १९२९मध्ये भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूच्या मातीच्या मैदानावर उतरले, तेव्हा त्यांच्या पुस मॉथ विमानात रेडिओ नव्हता आणि वाट दाखवणारी कोणतीही यंत्रणा जमिनीवर नव्हती. तेव्हा जे चालले ते आज चालत नाही, याचे कारण वैमानिकाच्या कौशल्यात नाही, आकाशातील गर्दीत आहे. त्या दिवशी टाटांच्या वाटेत दुसरे कोणी नव्हते; आज मुंबईवरच्या प्रत्येक विमानाची हालचाल इतर अनेकांच्या हालचालींशी बांधलेली आहे. त्यामुळे आवाज गेलेल्या वैमानिकाने इतरांना आधीच ओळखता येईल असे वागावे, हे या विषयातील सगळ्या नियमांचे सार आहे.

रेडिओ गप्प झाला म्हणजे तो बिघडलाच असे नाही. विमानांचा रेडिओ साधारण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतो आणि या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर उडणाऱ्या विमानाचा आवाज सपाट प्रदेशातही सुमारे ७० किलोमीटरपर्यंतच पोहोचतो, आणि मध्ये सह्याद्रीची धार आली तर तेवढाही नाही. अशा वेळी थोडी उंची घेतली की संपर्क पुन्हा जुळतो. पुष्कळदा कारण याहूनही साधे असते: आवाजाचे बटण नकळत खाली गेलेले असते, वारंवारतेचा एखादा आकडा चुकलेला असतो, हेडसेटची पिन अर्धवट निघालेली असते किंवा सर्किट ब्रेकर, म्हणजे जादा विद्युतप्रवाह येताच सुटणारी कळ, बाहेर आलेला असतो. यांत सर्वांत उपद्रवी दोष बोलण्याच्या बटणाचा आहे. दाबून सोडलेले बटण आतच अडकून राहिले, तर विमानाचा रेडिओ सतत प्रक्षेपण करीत राहतो; वैमानिकाला काहीच ऐकू येत नाही, आणि त्या वारंवारतेवरील इतर सर्वांचे संभाषणही झाकले जाते. अमीटर बॅटरीतून वीज जात असल्याचे दाखवत असेल, तर दोष रेडिओचा नसून अल्टरनेटरचा, म्हणजे वीज निर्माण करणाऱ्या यंत्राचा असतो; तेव्हा अनावश्यक उपकरणे बंद करून उरलेली वीज उतरण्याच्या वेळेसाठी राखावी लागते.

हे सारे तपासूनही आवाज जुळला नाही, तर वैमानिक ट्रान्सपॉन्डरवर ७६०० हा क्रमांक लावतो. रडारच्या पृच्छेला आपोआप उत्तर देणारे हे उपकरण असून त्यावरील ७६०० या आकड्याचा अर्थ जगभर एकच, संपर्क तुटला आहे, असा होतो. आपले ऐकू जात नसेलच असे गृहीत न धरता वैमानिक आपली जागा आणि इरादा दोनदा उच्चारत राहतो, कारण कित्येकदा केवळ ऐकण्याची बाजू निकामी झालेली असते. उलट ऐकू येत असेल पण बोलता येत नसेल, तर नियंत्रक ट्रान्सपॉन्डरचे ओळखबटण दाबायला सांगून त्याची खूण पडद्यावर पाहू शकतो. हवा स्वच्छ असेल तर ढगांपासून दूर राहून जवळच्या योग्य विमानतळावर उतरावे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे.

मुंबईत मात्र ‘जवळचा’ हा शब्द विचार करायला लावतो. अलिबागच्या बाजूने किनाऱ्यालगत जुहूकडे येणारे एखादे लहान विमान डोळ्यासमोर आणावे. गिरगाव चौपाटीला लागून असलेल्या मलबार हिलवरील पारशी दखम्यांचा, म्हणजे अंत्यविधीच्या मनोऱ्यांचा, परिसर १९३७च्या विमान नियमांनुसार निषिद्ध हवाई क्षेत्र आहे, आणि तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्रही. शहराच्या मध्यावरून जावे, तर दाट वस्तीवर सहाशे मीटरच्या त्रिज्येतील सर्वांत उंच अडथळ्यापेक्षा हजार फूट वर राहणे बंधनकारक असते. आणि गिरण्यांच्या धुराड्यांच्या जागी परळ-लालबागच्या पट्ट्यात मनोरे उभे राहिल्यापासून ही मर्यादा फार वर सरकली आहे. लोअर परळचा वर्ल्ड वन एकटाच सुमारे २८० मीटर, म्हणजे नऊशे फुटांहून उंच आहे. पुढे सांताक्रुझ विमानतळावरून पश्चिमेला झेपावणारी प्रवासी विमाने जुहूच्या किनाऱ्यावरूनच समुद्राकडे जातात. म्हणून मुंबईच्या या नियंत्रित हवाई क्षेत्रात शिरण्याची परवानगी मिळण्याआधीच रेडिओ गेला असेल, तर बाहेरच राहून दुसरा विमानतळ गाठणे हाच शहाणपणा ठरतो.

नुसत्या नजरेवर विसंबणे येथे किती फसवे आहे, हे रेडिओ नीट चालू असलेल्या विमानांनीही दाखवून दिले आहे. सांताक्रुझऐवजी जुहूच्या आखूड धावपट्टीवर १९५३मध्ये बीओएसी या ब्रिटिश कंपनीचे कॉमेट जेट उतरले, आणि २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ तेथेच उतरून धावपट्टीच्या पुढे गेले. ज्याला सावध करणारा आवाजच उरलेला नाही, त्या वैमानिकाने धावपट्टीची दिशा होकायंत्राशी ताडून पाहणे अगत्याचे आहे.

विमानतळाजवळ आल्यावर संभाषणाची जागा प्रकाश घेतो. नियंत्रण मनोऱ्यातून विमानावर नेम धरून झोत टाकणारा दिवा असतो. त्याचा स्थिर हिरवा प्रकाश म्हणजे उतरण्यास परवानगी. स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट देऊन घिरट्या चालू ठेवाव्यात. लुकलुकणारा हिरवा म्हणजे उतरण्यासाठी परत यावे. आणि लुकलुकणारा लाल म्हणजे विमानतळ सुरक्षित नाही, उतरू नये. संकेत दिसल्याची पोच दिवसा पंख डोलावून आणि रात्री उतरण्याचे दिवे दोनदा उघडझाप करून दिली जाते. भर उन्हात हा झोत चटकन दिसत नाही, तेव्हा मनोऱ्याकडे पुन्हा पुन्हा पाहत राहणे आणि त्याच वेळी इतर विमानांवर नजर ठेवणे ही दुहेरी कसरत वैमानिकाला करावी लागते.

चाके टेकली तरी काम संपत नाही. अपेक्षित वेळेनंतर तीस मिनिटे संपर्क झाला नाही, तर विमानाच्या सुरक्षिततेविषयी अनिश्चितता असल्याचे मानून शोधयंत्रणेचा पहिला टप्पा सुरू होतो. आणि ज्या विमानतळावर विमान येणार होते तेथे ते आलेच नसेल, तर त्याचा शोधही सुरू होतो. म्हणून इंजिन बंद होताच वैमानिकाने हाती येईल त्या फोनवरून नियंत्रकांना आपण कोठे आणि केव्हा उतरलो हे कळवायचे असते.