खेप, फेरा आणि काळ : एका चित्रपटाच्या मराठी कथनाविषयी

एकच दिवस पुन्हा पुन्हा जगावा लागणारा नायक चित्रपटांना आता नवा राहिलेला नाही. १९९३ च्या ‘ग्राउंडहॉग डे’मध्ये एका लहान गावी वार्तांकनाला गेलेला हवामान-निवेदक २ फेब्रुवारी या तारखेत अडकतो. १९९८ च्या ‘रन लोला रन’ या जर्मन चित्रपटात तीच वीस मिनिटे तीन वेळा घडतात. २०२१ च्या ‘मानाडू’ या तमिळ चित्रपटात एका राजकीय हत्येचा कट उधळण्यासाठी नायक त्याच दिवसात परत परत मरतो. या प्रकाराला ‘टाइम लूप’ म्हणतात. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र हे चित्रपट नाहीत. असा चित्रपट पाहिलेली माणसे तो मराठीत कसा सांगतात, हा आहे.

मी सुरतेच्या पर्वत पाटिया भागात राहतो आणि संध्याकाळी आठवी ते दहावीच्या मुलांना मराठी शिकवतो. पर्वत पाटिया, लिंबायत, गोडादरा, डिंडोली हा पट्टा कापडधंद्यावर जगतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली कुटुंबे या बाजूला पुष्कळ. माझ्याकडच्या मुलांच्या घरात अहिराणी, वहीत प्रमाण मराठी, रस्त्यावर गुजराती आणि पडद्यावर हिंदी असते. महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा इथे आहेत. तरीही मुलांची एक समजूत पक्की आहे. मराठी निबंधापुरती, आणि अंतराळ, यंत्रे, मारधाड ही हिंदी-इंग्रजीची कामे. ही समजूत तपासावी म्हणून ‘एज ऑफ टुमॉरो’ हा चित्रपट हिंदीत पाहून झाल्यावर मुलांना आणि शेजारच्या काही मोठ्या माणसांना मी एवढेच म्हटले, “ज्याने पाहिला नाही, त्याला मराठीत सांगा.”

चित्रपट थोडक्यात

हिरोशी साकुराझाका यांच्या २००४ च्या जपानी कादंबरीवर आधारलेला हा चित्रपट डग लायमन यांनी दिग्दर्शित केला आणि तो २०१४ साली प्रदर्शित झाला. परग्रहावरून आलेल्या ‘मिमिक’ नावाच्या शत्रूने युरोप व्यापला आहे. प्रसिद्धी खात्यात काम केलेला, लढाई कधीही न पाहिलेला केज (टॉम क्रूझ) याला जबरदस्तीने आघाडीवर धाडले जाते. फ्रान्सच्या किनाऱ्यावर तो काही मिनिटांत मरतो. पण मरताना एका विशेष मिमिकचे रक्त त्याच्या अंगावर सांडते आणि तो आदल्या दिवशी, लष्करी तळावर जागा होतो. यापुढे तो जितक्यांदा मरेल तितक्यांदा तिथेच जागा होणार. पूर्वी याच अवस्थेतून गेलेली रिटा (एमिली ब्लंट) त्याच्यावर विश्वास ठेवते आणि त्याला लढायला शिकवते.

‘उद्याची लढाई तो काल हरला’

कथनाची पहिली अडचण विज्ञानाची नव्हती, काळाची होती. दहावीतल्या एका मुलीने सुरुवातच अशी केली : “उद्याची लढाई तो काल हरला.” हे वाक्य उत्तरपत्रिकेत आले असते तर त्याखाली लाल रेघ पडली असती. इथे मात्र ते अचूक आहे. तळावरच्या सगळ्या सैनिकांसाठी लढाई ‘उद्या’ आहे. केजसाठी ती ‘काल’ होऊन गेली आहे. हिंदीत ‘कल’ हा एकच शब्द दोन्हींकडे चालतो, म्हणून तिथे हा विरोध इतका ठसठशीत होत नाही. मराठीने ‘काल’ आणि ‘उद्या’ वेगळे ठेवले आहेत, म्हणूनच ते एका वाक्यात आणले की ठिणगी पडते. (‘परवा’ मात्र आपणही दोन्ही दिशांना वापरतो आणि अर्थ क्रियापदावर सोडतो.)

दुसरी अडचण अशी की, तीच घटना दहा वेळा घडली तर ती दहा वेळा सांगायची का? मुलांनी शिकवल्याशिवाय रीतिभूतकाळ पकडला : “तो उठायचा, धावायचा, मरायचा.” तीन क्रियापदांत कितीतरी दिवस संपले. नवे काही घडले की लगेच साधा भूतकाळ : “मग एकदा त्यानं गाडीखाली लोळण घेतली.” व्याकरणाच्या पुस्तकात हे काळ कोष्टकात बसवलेले असतात. एक नेहमीचे सांगतो, दुसरा एकदाचे. हा फरक मुलांना कोष्टकातून जितका उमगला नव्हता तितका या कथनातून उमगला. आठवीतल्या एका मुलाने तर घरच्या बोलीतच सपाटा लावला : “तो मरस, उठस, मरस, उठस.” अहिराणीतल्या या ‘स’काराने चित्रपटातल्या झटपट कापलेल्या दृश्यांची गती नेमकी उतरली. त्याला मी थांबवले नाही.

‘परत’ या शब्दाचाही इथे उलगडा झाला. ‘पुन्हा’ म्हणजे आणखी एकदा. ‘परत’ म्हणजे आणखी एकदाही आणि माघारीही. गुजरातीतला ‘पाछो’ हीच दोन्ही कामे करतो. केज परत मरतो आणि परत येतो. काळाच्या या गुंत्याला हा साधा शब्द पुरतो.

फेरा की खेप?

प्रतिक्रिया अर्थातच सारख्या नव्हत्या. काहींना कंटाळा आला. “तेच तेच किती दाखवतात! नुसता फेरा,” असे एक आजी म्हणाल्या, आणि पुढे त्यांनी नेमका प्रश्न केला : “मेला की उठतोच, तर मग भीती कसली?” आपल्याकडची कापूसकोंड्याची गोष्ट आठवावी. ऐकणारा काहीही बोलला तरी त्याचेच शब्द त्याला परत देऊन गोष्ट पहिल्या प्रश्नावर येते. पदरात काही पडत नाही. आजींना चित्रपट तसा वाटला.

ज्या बाईंना तो आवडला त्या मात्र सांगताना सतत ‘खेप’ म्हणत होत्या : “पहिल्या खेपेला त्याला बंदुकीचा खटका सापडत नाही, पुढच्या खेपेला त्याला ठाऊक असतं शत्रू कुठून येणार.” लहानपणी त्यांनी धुळे जिल्ह्यातल्या गावी पाण्याच्या खेपा केल्या आहेत. फेरा रिकामा असू शकतो. खेपेला माणूस काहीतरी घेऊन येतो. केज प्रत्येक मरणातून थोडी माहिती भरून आणतो. हा चित्रपट आवडणे वा न आवडणे यातला फरक माझ्या मते याच दोन शब्दांत आहे. आजींच्या प्रश्नाचे उत्तरही चित्रपटात आहे : पुढे केजला दुसऱ्याचे रक्त चढवले जाते आणि परत येण्याची शक्ती जाते. तिथे आजीही सावरून बसल्या. ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ ही म्हण त्या क्षणापर्यंतच्या सगळ्या कथेचे सार आहे. त्यानंतर काळ आणि वेळ एकत्र येऊ शकतात. ‘काळ’ म्हणजे समय आणि ‘काळ’ म्हणजे मृत्यू, हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात राखणाऱ्या भाषेला ही कथा परकी कशी असेल?

‘तू’ आणि ‘तुम्ही’

सर्वांत मोठा वाद एका संवादावरून झाला. केज आणि रिटा यांचे बोलणे मराठीत सांगताना कोणी कोणाला काय म्हणायचे? एक मुलगा म्हणाला, दोघेही ‘तुम्ही’, कारण ओळख आज सकाळची. मघाच्या मुलीने हरकत घेतली : “तिची ओळख आजची. त्याची कितीतरी दिवसांची.” रिटाच्या कॉफीत साखर किती लागते, हे केजला न विचारता ठाऊक असते आणि त्यावरूनच आपण इथे अनेकदा येऊन गेलो हे तिच्या ध्यानात येते. शेवटी मुलांनी ठरवले की, केज मनात ‘तू’ म्हणतो आणि तोंडाने ‘तुम्ही’. कॉफीच्या प्रसंगी मात्र त्याच्या तोंडून ‘तू’ निसटते. इंग्रजीतल्या ‘यू’मध्ये ही दरी ऐकू येत नाही. मराठीत सांगणाऱ्याला ती टाळताच येत नाही.

लूमवर बारा तासांची पाळी करणारे एक शेजारी हा वाद ऐकत होते. रोजच्या तोचतोपणावर ते बोलतील असे मला वाटले होते. ते म्हणाले, “नव्या कारखान्यात गेलं की मला कोण ओळखतं? वीस वर्षांचा हात असतो, पण दाखवायचं पहिल्यापासून.” केजचे दुःख तेच आहे : शिकलेले सगळे त्याच्यापाशी आहे, साक्षीदार कोणी नाही.

शेवटाबद्दल एकमत झाले नाही. शत्रूचा मेंदू नष्ट केल्यावर केज नेहमीपेक्षाही आधीच्या क्षणी जागा होतो आणि शत्रू तेव्हाही मेलेलाच असतो. “काळ मागे गेला तर मेलेला जिवंत व्हायला हवा,” हा मुलांचा आक्षेप रास्त आहे. चित्रपट त्याचे पुरते उत्तर देत नाही. ‘जर–तर’, ‘असता तर’, ‘म्हणून’, ‘तरीही’ ही सगळी उभयान्वयी अव्यये आणि संकेतार्थी रूपे त्या अर्ध्या तासात मुलांनी हिरिरीने वापरली.

शिक्षकांसाठी

जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवलेल्या कथेचे नाव ‘कृष्णविवर’ होते. असे शब्द केवळ कोशातून रुजत नाहीत, त्यांना गोष्ट लागते. ‘टाइम लूप’ला ‘कालावर्त’ म्हणावे की ‘काळाचा फेरा’, हे ठरेल तेव्हा ठरो. तोवर ‘लूप’ हा शब्द वापरायला हरकत नाही. एका नामाचे भाषांतर अडले म्हणून सगळी गोष्टच दुसऱ्या भाषेच्या स्वाधीन करू नये, एवढेच.

वर्गात करून पाहण्यासारखे तीन प्रयोग सुचवतो. एकच प्रसंग रीतिभूतकाळात आणि साध्या भूतकाळात सांगायला लावावा. दोन पात्रांची ओळख असमान आहे असा संवाद ‘तू’–‘तुम्ही’ सांभाळून लिहायला द्यावा. आणि घरच्या बोलीत सांगितलेली गोष्ट तिची गती न गमावता प्रमाण मराठीत आणायला सांगावी. यासाठी मराठी चित्रपटच हवा असे नाही. मुले जो पाहून आली असतील, तो चालेल.