तत्त्वज्ञानाचा अधिकार कोणाचा?

वेदान्ताच्या परंपरेत ग्रंथाच्या आरंभीच त्याचा ‘अधिकारी’ कोण, म्हणजे तो शिकण्यास पात्र कोण, हे ठरवले जाते. आणि ब्रह्मसूत्रांतील अपशूद्राधिकरणावरील भाष्यात शंकराचार्यांनी वेदाध्ययनाच्या मार्गाने ब्रह्मविद्या मिळवण्याचा अधिकार शूद्रांना नाकारला, हे भारतीय तत्त्वज्ञानाच्या इतिहासात विसरता येत नाही.

हाच प्रश्न १८९९ च्या सुमारास कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी उभा राहिला. शाहू छत्रपतींच्या स्नानप्रसंगी पुरोहिताने वेदोक्ताऐवजी शूद्रांसाठीचे मानले जाणारे पुराणोक्त मंत्र म्हटले, आणि त्यातून पेटलेले वेदोक्त प्रकरण एका राजाच्या मानापमानापुरते न राहता, ज्ञानाची मालकी कोणाकडे आणि ती कोणत्या प्रमाणावर, या ज्ञानमीमांसेच्या प्रश्नाला भिडले. पुढे शाहूंनी निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभारली आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, त्यामुळे शाळेचे दार उघडले. सिद्धान्त रचण्याचे दार उघडण्यास मात्र फार वेळ लागला.

विद्यापीठीय तत्त्वज्ञानाची भाषा मुख्यतः इंग्रजीच राहिली. प्रताप शेठ यांच्या दातृत्वातून १९१६ मध्ये अमळनेरला उभ्या राहिलेल्या तत्त्वज्ञान मंदिरासारख्या थोर संस्थेचे गाजलेले त्रैमासिकही इंग्रजीतच निघे. दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली १९७४ मध्ये तीन खंडांत आलेल्या मराठी तत्त्वज्ञान महाकोशाने भाषेची अडचण बरीच दूर केली, तरी विचार करणारा एक वर्ग आणि ज्याच्याविषयी विचार केला जातो तो दुसरा, ही फाळणी मिटली नाही. गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये सामाजिक शास्त्रांतील याच विषमतेचे वर्णन ‘सैद्धान्तिक ब्राह्मण’ आणि ‘अनुभवनिष्ठ शूद्र’ या जोडीने केले. दलितांच्या वाट्याला केवळ अनुभव सांगणे यावे आणि त्याचा अर्थ दुसऱ्यांनी लावावा, ही वाटणी त्यांना नैतिकदृष्ट्याच अमान्य आहे, आणि ते योग्यच आहे.

कोल्हापुरात शाहू स्मारक भवनात श्रमिक प्रतिष्ठानची अवि पानसरे व्याख्यानमाला वैचारिक विषय सामान्य श्रोत्यांपुढे नेते, हे मोलाचे आहे. परंतु श्रोत्यांच्या अनुभवाला अभ्यासक्रमात जागा मिळाल्याशिवाय काम पुरे होत नाही. महात्मा फुले यांचा ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ हा १८९१ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेला ग्रंथ स्त्रीपुरुषांच्या समान हक्कांपासून सदाचरणाचे नियम काढतो. तरीही फुले वर्गात बहुधा समाजसुधारक म्हणूनच भेटतात. कोल्हापूर, सांगली आणि साताऱ्याच्या महाविद्यालयांनी हा ग्रंथ नीतिशास्त्राच्या वर्गात कांटच्या बरोबरीने, युक्तिवाद तपासत आणि मराठीतून शिकवावा.