दुखत नसताना दाखवायचं असतं

आपल्याकडे बाईच्या शरीराची पहिली नीट तपासणी होते ती दिवस राहिल्यावर. दवाखान्यात नाव घातलं की हिमोग्लोबिन, रक्तगट, बीपी, वजन, साखर, लघवी सगळं तपासतात, कार्डावर लिहितात, पुढची तारीख देतात. बाळंतपण झालं की ते कार्ड कपाटात जातं. पुढे लस असते ती बाळाची, वजन होतं तेही बाळाचं. शाळा सुटल्यापासून पहिल्या गरोदरपणापर्यंत, आणि शेवटच्या बाळंतपणापासून पाळी जायच्या वयापर्यंत, तिला कुणी तपासत नाही. ‘मला काय धाड भरलीय?’ म्हणत तीही जात नाही. पण काही झालेलं नसतं तेव्हाच जायचं असतं, आणि विशी-पस्तिशीत लागणाऱ्या तपासण्या मोजक्याच आहेत.

पहिली हिमोग्लोबिनची. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आढळला. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२च्या खाली गेलं की तो रक्तक्षय. नऊवर आलेल्या बाया दोन वेळचा स्वयंपाक, पाणी भरणं, नोकरी, सगळं रेटत असतात. जिना चढताना दम लागला, संध्याकाळी पाय भरून आले, तर ‘कामाचा शीण’ म्हणून अंगावर काढतात. डॉक्टरांना पाळीबद्दल स्पष्ट सांगा: किती दिवस जाते, गाठी पडतात का, दिवसाला किती पॅड लागतात. कारण गोळ्या घेऊन भरलेलं रक्त पाळीतून तसंच जात राहिलं, तर आकडा हलत नाही. आणि लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्यासोबत घ्या.

लग्नाआधी किंवा मूल होऊ देण्याआधी थॅलेसेमिया आणि सिकलसेलसाठीही एकदा रक्त तपासावं. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलची तपासणी विशेष गरजेची. नवरा-बायको दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तो आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहकाला स्वतःला बहुधा काही त्रास नसतो, म्हणून तपासल्याशिवाय कळत नाही. गर्भाच्या मज्जारज्जूसाठी लागणाऱ्या फॉलिक ॲसिडचंही तसंच, ते आधीच घ्यावं लागतं. मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत बंद होते आणि तोवर बऱ्याच जणींना दिवस राहिल्याचा पत्ताही नसतो. म्हणून ती गोळी मूल हवं असं ठरल्यावर, निदान महिनाभर आधी सुरू करायची.

बीपी वर्षातून एकदा बघावं. गरोदरपणात साखर वाढली होती, त्या बायकांनी पुढचं लक्ष देऊन वाचावं. बाळंतपणानंतर साखर उतरते आणि विषय संपतो असं घरात सगळ्यांना वाटतं. संपत नाही. पुढे मधुमेह होण्याचा धोका अशा बायकांना बराच जास्त असतो. बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांनी ग्लुकोज पाजून साखर तपासायची, आणि ती नॉर्मल आली तरी पुढे दर एक ते तीन वर्षांनी. ज्यांच्या कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेला असेल किंवा पाळी दोन-दोन महिने लांबत असेल, त्यांनीही साखर बघून घ्यावी.

आता सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी तपासणी: गर्भपिशवीच्या तोंडाची. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरने देशात दरवर्षी सुमारे ८० हजार बायका दगावतात. तो जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. शरीरसंबंधातून येणारा हा संसर्ग बहुतेकींच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. काहींच्यात तो ठाण मांडतो आणि कॅन्सर व्हायला सर्वसाधारणपणे पंधरा-वीस वर्षं लागतात. इतका वेळ देणारे आजार थोडेच. तरीही त्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांतल्या जेमतेम दोघींनी ही तपासणी कधी ना कधी करून घेतलेली होती. याची चीड यायला हवी.

कारण काय करायचं हे आपल्याच मातीत सिद्ध झालं आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९पासून ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार खेड्यांतल्या बायकांचा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि मुंबईचं टाटा रुग्णालय त्यात होतं. २००९ साली निष्कर्ष आला: एचपीव्हीची चाचणी आयुष्यात एकदाच झालेल्या गटातले या कॅन्सरचे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. ॲसिटिक ॲसिडच्या तपासणीने, एकदाच केल्यावर, तेवढा फरक पडला नाही. पण मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने तीच साधी तपासणी दर दोन वर्षांनी, प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून करवली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

ॲसिटिक ॲसिडची ती तपासणी अशी असते. टेबलावर गुडघे दुमडून झोपायचं. सिस्टर स्पेक्युलम आत घालतात, बोळ्याने गर्भपिशवीच्या तोंडाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावतात आणि एक मिनिट थांबतात. किंचित चुरचुरतं. बिघडलेल्या पेशी असतील तर तिथे पांढरा चट्टा उमटतो. निकाल तिथेच कळतो आणि योग्य असेल तर तेवढा भाग उष्णतेने जाळून टाकता येतो, गर्भपिशवी काढावी लागत नाही. हे मुद्दाम लिहिते. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९मध्ये गाजला, सरकारला समिती नेमावी लागली. ‘पांढरं जातंय, उद्या कॅन्सर होईल’ या भीतीने ऐन तिशीत ऑपरेशनला तयार होणाऱ्या बाईला आधी ही तपासणी मिळायला हवी, तो तिचा हक्क आहे.

शरीरसंबंध आलेला नसेल, तर या तपासणीची गरज नाही. एचपीव्हीची लस मात्र घ्यावी. ती नऊ ते चौदाव्या वर्षी सगळ्यात उपयोगी. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३पासून मिळते आणि २६ वर्षांपर्यंत देता येते. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी चुकवायची नाही.

स्तनांसाठी विशीत मॅमोग्राफी लागत नाही. आई, मावशी, बहीण यांच्यापैकी कुणाला कमी वयात स्तनाचा किंवा बीजाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर तेवढं डॉक्टरांना सांगा. गाठ लागली, त्वचा आत ओढली गेली, तर त्याच आठवड्यात दाखवा.

सणासुदीला ‘फुल बॉडी चेकअप’च्या जाहिराती येतात. साठ-सत्तर चाचण्यांच्या त्या यादीत पुष्कळदा कॅन्सरचे मार्कर असतात. निरोगी तरुण बाईत त्यांचा उपयोग नाही, उलट खोटी भीती आणि पुढच्या सोनोग्राफ्या मागे लागतात. आणि गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी त्यात बहुधा नसतेच, कारण ती घरी येऊन सुईने रक्त घेऊन होत नाही.

तिशी ओलांडली असेल आणि ही तपासणी एकदाही झाली नसेल, तर दिवाळीनंतरची पाळी संपली की प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तुमच्या डॉक्टरांकडे जा. कुठल्या दिवशी करतात ते आशाताईला आधी विचारा. सरकारी केंद्रात पैसे पडत नाहीत. आणि जाताना जावेलाही सोबत न्या.