खोट्या पत्राचा गेटपास

जालन्याच्या एमआयडीसीत सळईचे कारखाने आहेत, बियाणे कंपन्या आहेत. तेथील कार्यालयांत आता आपलीही मुले-मुली संगणकावर बसून हिशेब, खरेदी, डिस्पॅच सांभाळतात. कित्येक घरांतली अशी नोकरी करणारी ही पहिलीच पिढी. म्हणून वरवर तांत्रिक वाटणारी एक गोष्ट आम्ही कुटुंबाच्या पानावर घेत आहोत. तिच्यापायी निरपराध माणसाला मेमो मिळू शकतो.

फिशिंग म्हणजे खोटा ई-मेल पाठवून गळ टाकणे. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून २०१६ साली चोरांनी ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्सला पळवले. अमेरिकी तपास यंत्रणेने २०१८ साली न्यायालयात मांडलेल्या माहितीनुसार त्याआधी बँकेच्या कर्मचाऱ्यांना नोकरी मागणाऱ्या उमेदवाराच्या नावाने ई-मेल आले होते. बायोडेटा पाहण्याचे निमित्त, आत विषारी प्रोग्राम!

असे घडू नये म्हणून कंपन्या आपल्याच माणसांना मुद्दाम खोटे ई-मेल पाठवून सराव घेतात. आग लागण्याआधी घेतात तशी ही कवायत. पण अडचण अशी की कंपनीचा सुरक्षा फिल्टर हा ई-मेलही खोटा म्हणून अडवतो. त्यात पहारेकऱ्याचा काय दोष? तो आपले काम चोख करतो. म्हणून सरावाच्या ई-मेलला गेटपास द्यावा लागतो.

हा पास कसा द्यायचा, यातच सारे आहे. घाईतला संगणकवाला पाठवणाऱ्याचा पत्ताच 'विश्वासू' यादीत टाकतो, किंवा तपासणीच बंद करतो. पाठवणाऱ्याचे नाव कोणालाही नकली लावता येते. मग सरावासाठी उघडलेल्या दारातून खरा चोरही आत शिरतो. मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत २०२१ पासून यासाठी 'अॅडव्हान्स्ड डिलिव्हरी' ही वेगळी सोय आहे. तेथे पाठवणाऱ्याचे डोमेन आणि ज्या सर्व्हरवरून ई-मेल येतो त्याचा आयपी क्रमांक, दोन्ही नोंदवायचे. दोन्ही जुळले तरच ई-मेल आत येतो. सरावातल्या लिंकही तेथेच नोंदवता येतात. कंपनीने आणखी एखादा फिल्टर बसवला असेल तर त्या गेटचा पास वेगळा. सराव संपला की पास परत घ्यायचा, हे मात्र बरेच जण विसरतात.

आता मेमोकडे येऊ. कित्येक फिल्टर ई-मेलमधली लिंक आधी स्वतःच उघडून पाहतात. लिंक नोंदवली नसेल तर सरावाच्या अहवालात ते उघडणे कर्मचाऱ्याच्या नावावर चढते. बिचाऱ्याने ई-मेल पाहिलाही नसतो, आणि यादीत नाव येते 'लिंक दाबणारा' म्हणून! कंत्राटावरच्या मुलीला साहेबांसमोर उभे राहून हे पटवून देणे किती जड जाते, हे सांगायला नको. अशा वेळी घाबरू नये. नोंदीची वेळ आणि आयपी क्रमांक मागावा. ई-मेल येताच काही सेकंदांत लिंक उघडली असेल, आणि क्रमांक कार्यालयाचा वा आपल्या मोबाईलचा नसून एखाद्या सुरक्षा कंपनीच्या सर्व्हरचा असेल, तर ते बोट माणसाचे नव्हे, यंत्राचे. यादी साहेबांच्या टेबलावर जाण्याआधी हे तपासणे खरे तर संगणक विभागाचेच काम आहे. आधी दोन-चार जणांवर चाचणी घेतली की हा घोळ तेव्हाच दिसतो.

आमिष कोणते लावावे, यालाही मर्यादा हवी. अमेरिकेतील गोडॅडी कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये ६५० डॉलर बोनसचे गाजर दाखवून सराव घेतला. सुमारे ५०० कर्मचारी फसले. कोरोनाच्या वर्षात अशी थट्टा! कंपनीला माफी मागावी लागली. आमच्या मते सरावात चुकलेल्याला शिकवावे, त्याचे नाव फलकावर लावू नये. लाज वाटली की माणूस पुढच्या वेळी खरी चूकही लपवतो.

जालन्यात आमिष शोधायला लांब जाण्याची गरज नाही. भंगाराचा पुरवठादार कळवतो, 'आमचे बँक खाते बदलले आहे, रक्कम नव्या खात्यात भरा.' सरावाला एवढा मजकूर पुरे. खरे चोरही असेच लिहितात. अशा वेळी ई-मेलमधला नंबर सोडून आपल्या वहीतल्या जुन्या नंबरवर फोन करावा. पैसे गेलेच असतील तर लागलीच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.