छत्तीस माणसांचे बेट

सह्याद्रीत भटकून ज्यांचे पाय तयार झाले आहेत, त्यांना चारशे मीटरची चढण ती काय वाटणार? पण समुद्रातून निघून पुन्हा समुद्राच्याच डोक्यावर संपणारी चढण निराळी! ती पाहायची तर स्कॉटलंडच्या पश्चिमेस, अटलांटिक महासागरात एकट्या पडलेल्या सेंट किल्डा बेटांवर जायला हवे.

हॅरिस बेटावरच्या लेव्हरबर्गहून निघालेल्या बोटीने आम्हाला जवळजवळ तीन तास यथेच्छ घुसळले आणि हिर्टा या मुख्य बेटावर आणून सोडले. किनाऱ्यालगत धनुष्यासारखी वाकलेली एकच गल्ली. १८६० च्या सुमारास बांधलेली सोळा घरे. बहुतेकांवर छप्पर नाही, चुलीत विस्तव नाही. बेटावर एकही झाड नाही. मात्र जिकडे पाहावे तिकडे दगडी, गवताच्या छपरांच्या कोठ्या. एकट्या हिर्टावर बाराशेंहून अधिक! दगडांच्या फटींतून वारा खेळता राहावा आणि आत टांगलेले पक्षी सुकावेत, अशी ती युक्ती.

गाव मागे टाकून खिंडीकडे चढू लागलो. ओले गवत पायाखाली सरकत होते. खिंडीत पोहोचलो आणि जमीन एकाएकी संपली! खाली सरळ तुटलेला कडा, त्यावर फुल्मार पक्ष्यांची दाटी आणि तळाशी फेसाळणारा समुद्र. पुढचे कोनाकेर शिखर ४३० मीटर उंच. त्याच्या कड्याची गणना ब्रिटनमधल्या सर्वांत उंच समुद्रकड्यांत होते. आम्ही चक्क पालथे पडून खाली डोकावलो. इथले पुरुष मात्र दोराला लटकून, अनवाणी पायांनी हे कडे उतरत. फुल्मारचे मांस पोटाला, तेल दिव्याला आणि पिसे जमीनदाराच्या खंडाला!

मग अशी चिवट माणसे गेली कशी? कड्यांनी त्यांना घालवले नाही. १६९७ मध्ये मार्टिन मार्टिन हा प्रवासी आला, तेव्हा इथे सुमारे १८० माणसे होती. पुढे रोगराईने काही नेली. १८५२ मध्ये छत्तीस जण ऑस्ट्रेलियाला निघाले. नंतर तरुण मंडळी एकेक करून बाहेर पडली. बोट वल्हवायला, दोर धरायला, मेंढ्या राखायला हात लागतात. ते उरले नाहीत, तेव्हा १९३० च्या मे महिन्यात बेटकऱ्यांनी आपणहून सरकारकडे अर्ज केला : आम्हाला येथून हलवा. २९ ऑगस्टला उरलेले छत्तीस जण ‘हेअरबेल’ या युद्धनौकेवर चढले.

गंमत अशी, की माणसे गेल्यावर इथला घरउंदीरही थोड्याच काळात नामशेष झाला. रानउंदीर आपल्या पायांवर उभा होता, तो टिकला. १९३२ मध्ये शेजारच्या सोए बेटावरून १०७ मेंढ्या आणून सोडल्या. त्यांचीच तपकिरी पिलावळ आज त्या घरांच्या भिंतींच्या आडोशाला निवांत रवंथ करते.

उतरताना लष्कराने बांधलेला रस्ता धरला. चालणे सोपे झाले, पण मन सोपे होईना. खाली ती गल्ली आणि पलीकडे सताड मोकळा समुद्र. ज्यांनी उभ्या जन्मात झाडाची सावली अनुभवली नव्हती, त्या बेटकऱ्यांतल्या कित्येकांना सरकारने मुख्यभूमीवर काम दिले, तेही कुठे? जंगलखात्यात! कड्यावर न डगमगणारी ती माणसे, पहिल्या दिवशी त्या उंच झाडांखाली कशी उभी राहिली असतील?