ट्रॉम्बेच्या पाण्यात फुटलेला अणू

४ ऑगस्ट १९५६. घाटकोपर-चेंबूरच्या पुढे, ट्रॉम्बेचा डोंगर आणि ठाण्याची खाडी यांच्या मधल्या पट्टीत पाण्याची एक टाकी. आठ मीटरहून लांब, जवळपास तेवढीच खोल. तिच्या गाभ्यात युरेनियमचा एकेक संच उतरवायचा, न्यूट्रॉन किती वाढले ते मोजायचं, आलेखावर टिंब मांडायचं आणि मगच पुढच्या संचाला हात लावायचा. इथे घाईला जागाच नसते.

युरेनियमचं एक केंद्रक फुटलं की दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात. त्यांतल्या सरासरी एकाने नेमकं पुढचं केंद्रक फोडायला हवं. कमी पडलं तर साखळी विझते, जास्त झालं तर वाढत जाते.

डाल्टनने १८०८मध्ये मांडलेला अणू न फुटणारा होता. १८९७मध्ये थॉमसनला त्याहून लहान इलेक्ट्रॉन सापडला. १९११मध्ये रदरफर्डने दाखवलं, की अणू बहुतांशी पोकळ आहे. जवळजवळ सगळं वस्तुमान मधल्या इवल्याशा केंद्रकात. १९३२मध्ये केंब्रिजला चॅडविकने न्यूट्रॉन शोधला, तेव्हा मुंबईचा तरुण होमी भाभा तिथेच शिकत होता. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसल्याने केंद्रक त्याला दूर लोटत नाही. हान आणि स्ट्रासमान यांनी १९३८च्या अखेरीस बर्लिनमध्ये युरेनियमवर न्यूट्रॉन सोडले, तर हाती आलं बेरियम! हे केंद्रक दुभंगलंय, असा अर्थ लावला देशोधडीला लागलेल्या लीझ माइटनरने, भाचा फ्रिशच्या सोबतीने. या साऱ्या कथेत मला तिचंच धैर्य सर्वांत मोठं वाटतं.

ट्रॉम्बेच्या त्या टाकीतलं इंधन ब्रिटनमधून आलं होतं. आराखडा आणि बांधणी मात्र भाभांच्या भारतीय सहकाऱ्यांची, तीही जेमतेम सव्वा वर्षात. दुपारी पावणेचार वाजता साखळी स्वतःच्या बळावर चालू राहिली. सोव्हिएत संघ सोडला तर आशियातली ही पहिली अणुभट्टी.

भट्टीची शक्ती वाढवली की गाभ्याभोवतीचं पाणी निळं उजळतं, कारण तिथले विद्युतभारित कण पाण्यातल्या प्रकाशालाही मागे टाकतात. २० जानेवारी १९५७ रोजी उद्घाटनाला आलेल्या नेहरूंनी भट्टीचं नाव ठेवलं ‘अप्सरा’.

न्यूट्रॉनवरचं संशोधन आणि किरणोत्सारी समस्थानिकं यांसाठी पन्नासहून अधिक वर्षं राबून २००९मध्ये ती थांबली. १० सप्टेंबर २०१८ रोजी ट्रॉम्बेतच, भारतीय बनावटीची आणि अधिक क्षमतेची नवी ‘अप्सरा’ सुरू झाली.